ताजबाग, देवबंद आणि 'सूफी म्हणजे सहिष्णू' हे समीकरण

उमरेडरोड :

इस्लामचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "सूफी वेगळे हो, ते आपल्यातले. कट्टर ते सौदीवाले." नागपुरात हे जरा जास्तच पटतं, कारण डोळ्यासमोर ताजबाग, म्हणजे ताजुद्दीन बाबांचा दर्गा असतो. मी त्याच रस्त्यावर राहतो. उरुसात ट्रॅफिकचा जो बोजवारा उडतो त्याला दरवर्षी शिव्या घालतो आणि पोरांना घेऊन संदल बघायलाही जातो. तर हे समीकरण मला निम्मं खरं वाटतं. उरलेल्या निम्म्यासाठी हा धागा.

खऱ्या निम्म्यासाठी लांब जायला नको. ताजुद्दीन बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. लहानपणीच पोरके झाले, आजोळी वाढले. पुढे फौजेत गेले. सागरला पलटणीत असताना दाऊद मक्कींच्या दर्ग्यात रात्र-रात्र बसायचे. नोकरी सुटली, कामठीत परत आले ते वेड्यासारखे भटकायला लागले. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं. लोक तिथेही रांग लावायला लागले. १९०८ मध्ये त्यांना तिथून सोडवलं आणि शक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेवलं ते रघुजीराजे भोसल्यांनी. इंग्रजांच्या राज्यात एका मराठा राजाने एका मुसलमान अवलियाची हमी घेतली, आणि त्यात कोणाला वावगं वाटलं नाही. जन्माने पारशी असलेले मेहेरबाबा त्यांना आपल्या पाच सद्गुरूंपैकी एक मानायचे. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. शंभर वर्षं झाली, वाकीला आणि ताजबागला येणाऱ्यांची जात-धर्म आजही कोणी विचारत नाही.

आता अडचण. ज्यांना आपण कट्टर म्हणतो तेही सूफी घरातलेच निघतात. जमाते-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी जन्मले आपल्याच औरंगाबादेत, १९०३ मध्ये, आणि घराणं ख्वाजा मौदूद चिश्ती या सूफी पीराच्या वंशातलं. इजिप्तमध्ये १९२८ साली मुस्लिम ब्रदरहूड काढणारे हसन अल-बन्ना तरुणपणी हसाफिया या सूफी तरीक्याचे (पंथाचे) मुरीद (शिष्य) होते. देवबंदचा प्रसिद्ध मदरसा, दारुल उलूम, १८६६ चा. नानोतवी आणि गंगोही हे त्याचे दोन खांब, आणि दोघेही हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्कींचे मुरीद, म्हणजे चिश्ती-साबिरी या सूफी शाखेतले. इराणचे खोमेनी तर इब्न अरबी या सूफी विचारवंताचे जाणकार. १९८९ च्या जानेवारीत त्यांनी गोर्बाचेव्हना जे पत्र पाठवलं त्यात चक्क इब्न अरबी समजून घ्या असा सल्ला आहे.

उलट बाजूही बघा. बगदादचे अब्दुल कादिर जिलानी (मृत्यू ११६६), कादिरिया तरीक्याचे मूळ पुरुष, ज्यांच्या नावाने आपल्याकडे ग्यारवीची नियाज (प्रसादाचं जेवण) होते, ते फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या बाबतीत हंबली होते. हंबली म्हणजे तोच मजहब (कायद्याची परंपरा), ज्यातून पुढे अरबस्तानातल्या नज्दमध्ये वहाबी पंथाचे मुहम्मद इब्न अब्दुल वहाब निघाले. दर्गे न मानणारे आजचे सलफी ज्यांचं नाव उठता-बसता घेतात त्या इब्न तैमियांनी (१२६३–१३२८) याच जिलानींच्या प्रवचनांवर भाष्य लिहिलंय. आणि स्वतः दफन झाले दमास्कसच्या सूफींच्या कब्रस्तानात.

म्हणून मला ही भाऊबंदकी वाटते. घर एक, पणजोबा एक, बांधावरून भांडण. आणि बांध बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो: मेलेल्या वलीकडे काही मागता येतं का, त्याच्या कबरीवर चादर, दिवा, कव्वाली चालते का. 'सूफी मवाळ, बाकीचे जहाल' अशी वाटणी केली की या भांडणातलं काहीच कळत नाही. उद्या दर्ग्यातूनच जहाल माणूस निघाला तर आपण तोंडात बोट घालून बघत बसतो.

असा माणूस निघालाही आहे. ४ जानेवारी २०११ ला पाकिस्तानी पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने इस्लामाबादेत गोळ्या घातल्या, कारण त्यांनी ईशनिंदेच्या खटल्यातल्या आसिया बीबीची बाजू घेतली होती. हा मुमताझ कादरी तालिबानी नव्हता, वहाबीही नव्हता. बरेलवी होता, दर्गे मानणारा. २०१६ मध्ये त्याला फाशी झाली आणि आता इस्लामाबादजवळ त्याचीच मजार आहे. तिथे चादर चढते.

पेन्शनर_महाल :

उमरेडरोड, लेख आवडला. पण मन्सूर हल्लाजला विसरलात? 'अनल हक' म्हणाला म्हणून त्याला सुळावर चढवलं. ते कोणी केलं मग? भाऊबंदांनीच म्हणायचं का? कर्मठ आणि सूफी यांच्यात उभा दावा होता, याला याहून मोठा पुरावा कोणता?

उमरेडरोड :

काका, हल्लाजची गोष्ट आपल्याला कव्वालीतून माहीत असते, त्यामुळे त्यात एक वेडा प्रेमिक आणि एक दुष्ट काझी एवढेच उरतात. बगदादेत ९२२ मध्ये त्याला मारलं तेव्हा अब्बासी दरबारात वजिरांची रस्सीखेच चालली होती, करांवरून शहर पेटलेलं होतं, आणि हल्लाजचे चाहते दरबारातही होते, खलिफाच्या आईपर्यंत. वजीर हामिदला तो राजकीय धोका वाटला. खटल्यात जे कलम चाललं तेही 'अनल हक'चं नव्हतं. ज्याला मक्केला जाणं जमत नाही त्याने घरीच एक जागा करून हजचे विधी करावेत, असं तो शिकवतो, हे ते कलम.

आणि त्याच्या आधीच्या पिढीतले थोर सूफी जुनैद बगदादी स्वतः हल्लाजपासून हात राखून होते. जुनैदांची परंपरा शुद्धीतल्या सूफींची: शरियत पाळा, आतलं आत ठेवा. पुढचे बहुतेक सगळे मोठे तरीके आपली साखळी जुनैदांपर्यंतच नेतात. हल्लाजपर्यंत कोणी नेत नाही. ११११ मध्ये वारलेल्या गजालींनी तर शरियत आणि तसव्वुफ (सूफी मार्ग) यांची अशी मोट बांधली की त्यानंतर कित्येक शतकं काझी हाच कुठल्यातरी पीराचा मुरीद असणं ही साधी गोष्ट होती.

बुटीबोरी_लोकल :

भाऊ, तुमचं वाचन दांडगं आहे, मान्य. पण तुम्ही मुद्दा टाळून राहिले. सूफी लोक आले कशासाठी? गोड बोलून धर्मांतर करायसाठी. तलवारवाले पुढे, हे मागून. मग कशाला कौतुक करता बे त्यांचं? ताजबागला जाणारे आपले हिंदू भोळे आहेत, दुसरं काय.

पेन्शनर_महाल :

बुटीबोरी, माझी आई गुरुवारी दत्ताला जायची आणि शुक्रवारी ताजबागला. भोळी नव्हती. घरातला पैसा न् पैसा तिच्या हिशेबात असायचा.

उमरेडरोड :

बुटीबोरी भाऊ, टाळत नाही. दख्खनमध्ये हातात तलवार घेतलेल्या सूफींच्या कथा आहेत, विजापूरकडे विशेष. त्या बऱ्याचशा शे-दोनशे वर्षांनी, दर्ग्याचा मान वाढवायला लिहिलेल्या आहेत, पण आहेत. नक्शबंदी तरीक्याचे शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांच्या पत्रांत हिंदूंविषयी जी भाषा आहे ती वाचवत नाही. अकबराने दिलेली मोकळीक त्यांना डाचायची. जहांगीरने त्यांना काही काळ ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबलं ते वेगळ्या कारणाने. म्हणजे तुम्हाला हवा तसा सूफी इतिहासात सापडेल.

पण चिश्तींचं काय सांगाल? दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकीत जे बोललं जायचं ते त्यांचे शिष्य अमीर हसन सिज्झी तारखेनिशी टिपून ठेवायचे. त्यात धर्मांतर हा विषय जवळपास नाहीच. एकदा एक मुरीद आपल्या हिंदू भावाला घेऊन येतो आणि औलियांच्या कृपेने तो मुसलमान होईल अशी आशा धरतो. औलिया म्हणतात, कोणाच्या सांगण्याने या लोकांचं मन पालटत नाही, भल्या माणसाची संगत घडली तर बघू. एवढं बोलून त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि याच औलियांना समा (सूफी गाणं) ऐकतात म्हणून घियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांपुढे उत्तर द्यावं लागलं होतं.

ते अमीर हसन आज कुठे आहेत माहीत आहे? खुलताबादला. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा दिल्लीचे चिश्ती इकडे आले. बुऱ्हाणुद्दीन गरीब त्यातले म्होरके, समाचे इतके शौकीन की त्यांच्या मुरीदांच्या नाचण्याची वेगळी रीत पडली. बुऱ्हाणपूर शहराला नाव त्यांचंच.

खुलताबादचं नाव निघालंच आहे तर: औरंगजेबाच्या कबरीवरून २०२५ मध्ये सगळे बोलले. ती कबर कुठे आहे हे फार थोडे बोलले. ती बुऱ्हाणुद्दीनांचे खलिफा (गादी चालवणारे शिष्य) जैनुद्दीन शिराझी (मृत्यू १३६९) यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, उघड्यावर, साधी, आणि त्याच्याच इच्छेने. ज्याला आपण कर्मठपणाचा पुतळा समजतो, ज्याने दरबारातलं गाणं बंद केलं, त्याला मरताना जागा हवी होती ती समा ऐकणाऱ्या चिश्तींच्या पायाशी. आणि त्याने मारलेला भाऊ दारा शुकोह कादिरी पंथाचा, उपनिषदं फारसीत आणणारा. दोन्ही भावांच्या मागे सूफी. आता करा वाटणी.

संपादक मंडळ :

सूचना. १७ मार्च २०२५ रोजी महालात जी दंगल झाली त्यावरचे चार प्रतिसाद काढले आहेत. प्रकरण कोर्टात आहे आणि इथले बरेच सदस्य त्याच गल्ल्यांत राहतात. धागा विषयावर राहू द्या, नाहीतर कुलूप लावावं लागेल.

कामठीवाली :

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. तुम्ही सगळे सातशे वर्षांपूर्वीचं बोलताय, मी आमच्या स्वयंपाकघरातलं सांगते.

आमचं घर बाबांना मानणारं. अम्मीची ग्यारवीची नियाज कधी चुकली नाही. माझा धाकटा भाऊ इंजिनियर, पुण्यात चांगल्या कंपनीत. कॉलेजला असताना तबलीगी जमातीबरोबर (धर्मप्रचाराला गावोगाव फिरणाऱ्यांबरोबर) चाळीस दिवस जाऊन आला आणि घरात वातावरण बदललं. दाढीचं कोणाला काही नव्हतं, अब्बूंना उलट बरंच वाटलं. पण ताजबागला येणं बंद. उरुसाला संदल निघाला की हा खोलीत. अम्मीने बाबांच्या फोटोला लावलेली अगरबत्ती विझवायचा नाही, पण त्या खोलीत नमाजही पढायचा नाही.

पहिल्या वर्षी ग्यारवीला मोठं भांडण झालं. तो म्हणाला, अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावचं मी खाणार नाही. अम्मी दोन दिवस रडली, की मी काय दुसऱ्या खुदाला वाढते आहे का? पुढच्या वर्षीपासून त्यांचं जे जमलं ते बघण्यासारखं आहे. डेगमधून बिर्याणी काढतात, दस्तरखान मांडतात, मौलवी साहेब फातिहा पढायला बसायच्या पाच मिनिटं आधी अम्मी हळूच एक थाळी भरून आत नेऊन ठेवते. फातिहाच्या आधीची बिर्याणी ही नुसती बिर्याणी. तो ती खातो. डेग तीच, मसाला तोच. अब्बू दरवेळी विचारतात, "इंजिनियर साहेबांचं जेवण झालं का?" आणि कोणीच हसत नाही.

बुटीबोरी, तुम्हाला वाटतं सूफींनी हिंदूंना फसवलं. माझ्या भावाला वाटतं हिंदूंनी सूफींना बिघडवलं, हे फूल-नारळ-नवस सगळं तिकडून आलंय म्हणतो. तुमची दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

पण एक मात्र त्याचं ऐकून मला गप्प बसावं लागलं. तो म्हणाला, आपा, लहानपणी तू मला एका दर्ग्यात नेलं होतंस (नाव घेत नाही), तिथल्या माणसाने अम्मीकडून आधी चादरीचे, मग दुवेचे, मग लंगरचे पैसे घेतले आणि शेवटी पर्स बघून म्हणाला अजून असतील. अल्लाह आणि माझ्यामध्ये हा पावती फाडणारा कोण?

गणितमास्तर :

कामठीवाली, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा भारी आहे (उमरेडरोड, राग मानू नका). शेवटचं वाक्य वाचून मला थेट जोतिबा आठवले. देव आणि भक्त यांच्यात दलाल कशाला, हाच तर प्रश्न. सत्यशोधक समाज १८७३ चा. आर्य समाज १८७५. त्याआधी प्रार्थना समाज १८६७. आणि वर उमरेडरोडने दिलंय की देवबंद १८६६. एका दशकाच्या आत सगळे! छापखाना आला, शाळा आल्या, पोथी माणसाच्या हातात आली, आणि मधल्या माणसाची पंचाईत झाली. म्हणजे कामठीवालीचा भाऊ जुनाट नाही, तो या घरातला सगळ्यात आधुनिक माणूस आहे असं म्हणावं लागेल.

जिज्ञासू_४४० :

मास्तर, थांबा. दलाल नको म्हणण्यात साम्य आहे, पुढचा रस्ता अगदी वेगळा आहे. फुल्यांनी दलाल काढला तो शूद्रातिशूद्र आणि बायका मोकळ्या व्हाव्यात म्हणून. त्यांनी भटाच्या जागी ग्रंथ बसवला नाही, ग्रंथांचीही झडती घेतली. धर्म शुद्ध करायला निघालेले दलाल काढून त्या जागी किताब बसवतात, आणि किताबीचा अर्थ लावायला पुन्हा मौलवी लागतोच. एक दलाल गेला, दुसरा आला. पावतीपुस्तक फक्त बदललं.

कामठीवाली :

जिज्ञासू, हे मी भावाला ऐकवणार आहे. तो तुमचं अकाउंट शोधत येईल, तयार रहा.

उमरेडरोड :

मास्तर आणि जिज्ञासू, दोघांच्या मध्ये एक माणूस बसतो, दिल्लीचे शाह वलीउल्लाह (१७०३–१७६२). स्वतः नक्शबंदी सूफी, स्वप्नदृष्टान्तांवर पानंच्या पानं लिहिणारे. आणि त्यांनीच कुराण फारसीत आणलं, की लोकांनी ते समजून वाचावं. त्यांच्या दोन मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, ते उर्दूत आणलं. एकदा किताब घरातल्या भाषेत आली की पीराशिवायही वाचता येते. आज देवबंदी, बरेलवी, अहले-हदीस तिघेही वलीउल्लाहांना आपला बुजुर्ग म्हणतात, ते उगाच नाही.

कामठीवाली, तुमच्या भावाचे चाळीस दिवससुद्धा सूफींचेच आहेत, हे त्याला माहीत असेल नसेल. पूर्वीचे दरवेश चाळीस दिवस कोठडीत एकटे बसून चिल्ला करायचे. मेवातमध्ये तबलीगी जमात सुरू करणारे मौलाना इलियास (१८८५–१९४४) देवबंदी परंपरेतले, रीतसर बैअत झालेले, म्हणजे पीराची दीक्षा घेतलेले. त्यांनी चिल्ला कोठडीतून काढून रस्त्यावर आणला. एकांताच्या जागी सहा-आठ जणांचा जथा, बिस्तरा खांद्यावर, गावोगाव. जिक्र (नामस्मरण) तोच ठेवला, मजार तेवढी वगळली.

आणि जिलानी हंबली होते हे त्याला जरूर सांगा. बिर्याणीच्या आधी.

बुटीबोरी_लोकल :

हे घरगुती ठीक आहे हो. पण बॉम्ब फुटतात ते कोण फोडते? दर्ग्यावर बॉम्ब टाकणारे सूफी असतेत का? तेवढं सांगा सरळ.

उमरेडरोड :

सरळ सांगतो. नाही. दर्गे फोडणारे आणि दर्ग्यात मारणारे हे गेल्या पन्नास वर्षांत बहुतेक एकाच विचाराचे आहेत, आणि त्याचा इतिहास सांगता येतो. १७४४ मध्ये मुहम्मद इब्न अब्दुल वहाब आणि दिरियाचा सरदार मुहम्मद इब्न सऊद यांच्यात करार झाला: तू धर्म बघ, मी राज्य बघतो. १८०२ मध्ये या लोकांनी करबला लुटली, इमाम हुसेनचा दर्गा उद्ध्वस्त केला. विसाव्या शतकात हिजाज (मक्का-मदिनेचा प्रदेश) हाती आल्यावर मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट पाडले, त्यात पैगंबरांच्या घरच्या माणसांच्या कबरी होत्या. इथपर्यंत हा वाळवंटातला एक पंथ होता. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि त्याच पंथाकडे जगभर मशिदी, मदरसे, फुकट पुस्तकं पाठवायला पैसा आला. आपल्याकडची माणसं आखातात नोकरीला गेली आणि परत येताना टीव्हीबरोबर थोडी ती समजूतही घेऊन आली.

पुढचं तुम्हाला बातम्यांतून माहीत आहे. २०१२ मध्ये टिंबक्टूत वलींच्या कबरी कुदळींनी फोडल्या. त्या प्रकरणात हेगच्या न्यायालयाने एकाला नऊ वर्षं दिली. १६ फेब्रुवारी २०१७ ला सिंधमध्ये सेहवानला, लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात धमाल (भक्तीचा नाच) चालू असताना स्फोट, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला सिनाईत, सूफी ज्या मशिदीत जमायचे तिथे जुम्म्याच्या नमाजाला तीनशेच्या वर. मारणारे मुसलमान, मेलेले मुसलमान.

पण यावरून 'सूफी म्हणजे अहिंसक' हे काढू नका, एवढंच म्हणतोय. कॉकेशसमध्ये रशियाशी पंचवीस वर्षं लढणारा इमाम शामिल नक्शबंदी होता. पश्चिम आफ्रिकेत १८०४ मध्ये जिहाद पुकारून सोकोटोची सल्तनत उभी करणारे उस्मान दान फोदियो कादिरी. अल्जीरियात फ्रेंचांशी लढलेले अमीर अब्दुल कादिरही कादिरी, आणि त्यांनीच १८६० मध्ये दमास्कसच्या दंगलीत हजारो ख्रिश्चनांना आपल्या छत्राखाली घेऊन वाचवलं. तलवार आणि तसबीह (जपमाळ) एकाच हातात असायची. ती कोणावर उगारायची हे तरीक्याने ठरत नव्हतं, माणूस आणि वेळ बघून ठरत होतं.

जिज्ञासू_४४० :

यात एक भर. सूफींना बंदी घालणारे नेहमी दाढीवालेच असतात असंही नाही. तुर्कस्तानात १९२५ मध्ये केमाल पाशाने सगळे तेक्के (सूफी मठ) बंद केले, दर्ग्यांना कुलपं लावली, शेख-दरवेश या पदव्या बेकायदा केल्या. कोन्यात मौलाना रूमींच्या दर्ग्याचं म्युझियम झालं. कारण काय, तर आधुनिक राष्ट्रात बुवाबाजी नको. ताजुद्दीन बाबा गेले तेच हे साल. म्हणजे एकाच वेळी बकीतले घुमट पाडणारे आणि अंकाऱ्यात कुलपं लावणारे, दोघांच्या डोळ्यांत दर्गा खुपत होता.

आणि आता गंमत बघा. ११ सप्टेंबरनंतर सगळ्या सरकारांना एकदम सूफी आवडायला लागले. अमेरिकेतल्या अभ्यासगटांनी लिहिलं की सूफींना पुढे आणा. मुशर्रफने २००६ मध्ये सूफी कौन्सिल काढलं. दिल्लीत मार्च २०१६ मध्ये जागतिक सूफी संमेलन झालं, पंतप्रधानांचं भाषण झालं. सरकारने डोक्यावर हात ठेवला की त्या माणसाची मोहल्ल्यातली पत जाते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. 'सरकारी मुसलमान' ही शिवी कामठीत चालते का हो, कामठीवाली?

कामठीवाली :

चालते म्हणजे? धावते.

गणितमास्तर :

मला बरेलवींचं नीट समजलं नाही. ते दर्गा मानतात, मिलाद (पैगंबरांच्या जन्माचा सोहळा) करतात, नात (पैगंबरांची स्तुतिगीतं) गातात, कादिरी आहेत. मग तासीरला मारण्याइतकी आग कुठून आली?

उमरेडरोड :

मास्तर, प्रेमातून. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांच्या सगळ्या लिखाणाचा गाभा म्हणजे पैगंबरांवरची निष्ठा. नातिया कविता अशी की ऐकणारा हलतो. त्याच निष्ठेपायी त्यांनी देवबंदच्या काही बुजुर्गांची वाक्यं उचलली, ही पैगंबरांची बेअदबी आहे म्हणाले, आणि मक्का-मदिनेच्या उलेमांचे फतवे मिळवून त्यांना काफिर ठरवलं. आपल्याला वाटतं दुसऱ्याला काफिर म्हणणं ही फक्त वहाबींची सवय. इथे ते सूफी घरातून झालं, तेही पाहुण्यांना नव्हे, चिश्ती-साबिरी शेजाऱ्यांना. वहाबीचा राग तौहीदपायी (अल्लाह एकच, या तत्त्वापायी), बरेलवीचा राग अदबीपायी. कादरीच्या पाठीराख्यांनी उभी केलेली तहरीक-ए-लब्बैक २०१७ च्या नोव्हेंबरात इस्लामाबादचा रस्ता तीन आठवडे अडवून बसली होती, तीही एका शपथेतल्या शब्दावरून.

इकडचा समंजस माणूस हवा असेल तर तो हाजी इमदादुल्लाह. मिलाद, उर्स, फातिहा या वादाच्या विषयांवर त्यांनी मक्केत बसून एक छोटी पुस्तिका लिहिली. स्वतः मिलादला जात, पण न जाणाऱ्याला वाईट म्हणू नका, जाणाऱ्याला बिदअती (धर्मात नवं घुसवणारा) म्हणू नका असा सूर. त्यांच्याच मुरीदांना ती पचली नाही. गंगोहींनी तर याबाबतीत पीराचं ऐकायला साफ नकार दिला.

पेन्शनर_महाल :

म्हणजे कामठीवालीच्या अम्मीने जे थाळीचं केलं ते हाजीसाहेबांनी पुस्तिकेत केलं होतं. आणि तेव्हा कोणी ऐकलं नाही.

कामठीवाली :

काका 🙂

एक शेवटचं, कारण सगळ्या चर्चेत बायका कुठेच आल्या नाहीत. मुंबईचा हाजी अली दर्गा. तिथे बायका मजारीपर्यंत जायच्या, आमची नानी गेलेली. २०१२ च्या सुमाराला ट्रस्टने आतल्या गाभ्यात बंदी घातली, की वलीच्या कबरीजवळ बाईने जाणं हे शरियतमध्ये बसत नाही. लक्षात घ्या, हे जमातवाले नव्हते, सलफी नव्हते. दर्ग्याचाच ट्रस्ट, ज्याचं घरच मजारीवर चालतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका कोर्टात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये हायकोर्टाने बंदी उठवली आणि नोव्हेंबरच्या शेवटी बायका पुन्हा आत गेल्या. राबिया बसरी या जुन्या सूफी संत बाईचं नाव घेतल्याशिवाय यांची एक मैफल होत नाही, आणि राबियाच आली असती तर तिला दारात अडवलं असतं.

भावाशी मी यावर बोलले. म्हटलं, आता कोण कट्टर? तो म्हणाला, आमच्यात कबरीजवळ पुरुषांनीही मागायला जायचं नसतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, तुमच्याकडे समानता आहे, कोणीच जायचं नाही.

पुढच्या ग्यारवीला तुम्ही सगळे या. उमरेडरोडना फातिहाच्या आधी हवं की नंतर ते आत्ताच कळवा, अम्मीला थाळ्या मोजाव्या लागतात.

उमरेडरोड :

नंतर. आणि बुटीबोरीला माझ्या गाडीवर घेऊन येतो.

बुटीबोरी_लोकल :

मी येतो, पण वाद घालीन.